आडवं जायचं नाही

“समुद्र एवढा मोठा, आणि दोघा भावांना पुरला नाही!”

बर्फाच्या कारखान्यासमोर कोणीतरी हे बोललं आणि मला पाहून जीभ चावली. मी पुढे चालू लागले. त्यांचं तरी काय चुकलं? बघणाऱ्याला तसंच दिसलं होतं. दिवस चांगला वर आलेला, धुकं नाही, वारा पडलेला, पाणी परातीत ओतून ठेवावं तसं स्तब्ध. अशा पाण्यावर, बंदराच्या तोंडाशी, धक्क्यावरची निम्मी माणसं बघत असताना आमच्या घरच्या दोन बोटी एकमेकींवर आदळल्या. ह्यांची थोरली आणि भाऊजींची धाकटी. बोटींना कागदावरची नावं आहेत, पण ती कोणी घेत नाही. थोरलीची नाळ, म्हणजे तिचं पुढचं टोक, धाकटीच्या कुशीत घुसली. नेमकं इंजिनाच्या जागी. आणि इंजिनापाशी सावकाश होता.

सावकाश म्हणजे भाऊजींच्या बोटीचं इंजिन सांभाळणारा. त्याचंही खरं नाव मागे पडलं होतं. कोणी घाई केली की तो हातातला पान्हा पुसत म्हणायचा, “सावकाश, सावकाश. इंजिन आहे, घोडं नव्हे.” त्याची बायकोही घरी त्याच नावाने बोलवायची. “नावाला जागतो हो,” म्हणायची, “जेवायला हाक मारावी तर भात निवल्यावर येतो.” असा सावकाश माणूस, आणि गेला तो क्षणात. धाकटी बुडाली नाही. दोन्ही बाजूंनी दोर टाकून तिला धक्क्याला आणलं. तिच्यातून त्याला मात्र खांद्यावर घेऊन उतरवावं लागलं.

मी त्याच्या घरी गेले तेव्हा त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पायाशी त्याचे तेलाचे डाग पडलेले बूट होते, धुऊन उलटे ठेवलेले. मी तिच्याशेजारी बसले आणि मनातल्या मनात प्रार्थना म्हणू लागले. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

ती म्हणाली, “वहिनी, चूक कोणाची?”

मी प्रार्थना अर्धीच सोडली.

“मला भांडायचं नाही हो. दोघांनी त्याला भावासारखं वागवलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण लेकरं विचारतात. काय सांगू त्यांना? समुद्राने नेलं म्हणू? समुद्र तर झोपला होता.”

मी तिचा हात हातात घेतला. तिने तो काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही. “कोणीतरी एकदा नीट सांगा,” ती म्हणाली. “एवढंच.”

हे ‘एवढंच’ मी घरी घेऊन आले.

आमच्या घरात त्या दिवसांत भिंतीवरच्या घड्याळाचाच काय तो आवाज होता. भाऊजींच्या बरगड्यांना पट्टे बांधले होते, उजवा हात गळ्यात. ते वरच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसायचे, कारण खिडकीतून धक्का दिसतो. हे खाली बसायचे, हातात जाळ्याचा तुकडा घेऊन. सुई चालायची, पण जाळं पुढे सरकत नव्हतं. घातलेली गाठ उसवायची आणि पुन्हा घालायची. दोघं एका घरात होते, एका पातेल्यातलं जेवत होते आणि एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हते. लोकांना वाटलं, वैर. मी आत राहून बघत होते, मला ते वैर दिसत नव्हतं. दोघंही लाजत होते, मेल्याहून मेल्यासारखे.

भाऊजी ह्यांच्यापेक्षा बरेच लहान. मी या घरात आले तेव्हा ते शाळेत जात, आणि सासरे नुकतेच गेले होते. ह्यांनीच त्यांना वाढवलं, पोहायला शिकवलं, सुकाणू हातात दिलं. लग्नाचा विषय काढला की भाऊजी म्हणायचे, “वहिनी, माझं झालंय की लग्न. ती बघा, धक्क्याला बांधून ठेवलीय.” सासूबाई होत्या तोवर हसायच्या आणि म्हणायच्या, “बांधून ठेवलेली बायको बरी, उलट बोलत नाही.” तोंडात हसू असलं तरी सासूबाई शिस्तीच्या फार. ताट पहिलं थोरल्याचं. नवं कापड पहिलं थोरल्याला. आणि दारातून, अंगणातून, कुठूनही, थोरल्याच्या आडवं जायचं नाही. तो चालत असेल तर थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं, मग आपण. भाऊजी लहानपणी धावत सुटलेले असले तरी ह्यांची सावली दिसताच जागच्या जागी थबकायचे. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. शेजारी आपल्या मुलांना सांगायचे, “बघा, असं असावं.”

हे सगळं मला आठवलं ते वकील येऊन गेल्यावर.

वकील अपघाताच्या चौकशीसाठी, थोरलीच्या वतीने आले होते. भला माणूस, पण फार बोलायचा. चहा घेता घेता त्यांनी टेबलावरची साखरेची बरणी आणि आपला कप पुढे ओढला.

“ही तुमची थोरली,” ते बरणीवर बोट ठेवून म्हणाले, “आणि हा कप म्हणजे धाकटी. दोघी बंदराकडे येताहेत, वाटा एकमेकींना छेदणाऱ्या. आता समुद्रावरचा नियम अगदी साधा आहे. ज्याला दुसरी बोट आपल्या उजव्या हाताला दिसते, त्याने वळायचं आणि तिच्या मागून जायचं. तुम्हाला धाकटी उजव्या हाताला होती. म्हणजे वळायचं तुम्ही. तुम्ही वळलात?”

“वळलो,” हे म्हणाले. “उजवीकडे.”

“शाबास. आणि धाकटीने काय करायचं? काही नाही! सरळ जायचं. वेग तोच, दिशा तीच. लोकांना वाटतं सरळ जाणं हा मान आहे. मान नव्हे, ते काम आहे. तो सरळ जाईल या भरवशावर तर दुसरा वळतो. तुमचा भाऊ सरळ गेला का? नाही. तो डावीकडे वळला.” त्यांनी कप आणि बरणी दोन्ही सरकवली. बरणी कपावर टेकली. “दारात समोरासमोर आलेली दोन सभ्य माणसं असतात ना, हा इकडे सरकतो तर तोही इकडेच? तसं. फक्त दारात कपाळ आपटतं, आणि इथे…” त्यांना सावकाश आठवला असावा. ते थांबले. मग चष्मा पुसून म्हणाले, “नियम तुमच्या बाजूने आहे. चौकशीत विचारतील तेवढंच बोला. बाकी मौन.”

ते गेल्यावर ह्यांनी बरणी उचलून जागेवर ठेवली. कप तसाच राहू दिला.

मी वर भाऊजींना जेवण घेऊन गेले. डाव्या हाताने त्यांना घास नीट घेता येत नव्हता, म्हणून मी भरवायला बसले. शाळेत असताना ताप आला की असंच भरवत असे.

“भाऊजी, एक विचारू?”

“चूक माझी आहे वहिनी. चौकशीत तेच सांगणार आहे.”

“ते नाही विचारलं. का वळलात?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं, श्वास का घेता.

“असं काय विचारता? दादा येत होते ना.”

घास माझ्या हातात राहिला.

“नियम ठाऊक होता?”

“पाठ आहे. परीक्षा देऊनच परवाना मिळाला.” ते जरा हसले, पण बरगडीत कळ येताच थांबले. “दुसरी कुठली बोट असती तर सरळ गेलो असतो. पण दादांच्या पुढून? हात आपोआप वळतो वहिनी. बोट घेतल्यापासून मी कधीच त्यांच्या आधी बंदरात शिरलो नाही. ते पुढे, मी मागे. त्या दिवशी मी वळलो आणि बघतो तर तेही वळलेले. नाळ सरळ माझ्यावर. मी पुन्हा उजवीकडे फिरवायला गेलो, आणि कूस उघडी पडली.” मग खूप हळू म्हणाले, “खाली सावकाश ओरडला. पहिल्यांदाच त्याला घाईत ऐकलं.”

त्यांना आणखी भरवणं झालं नाही.

संध्याकाळी दिवा लावून माझा नेमाचा जप झाला, तशी मी ह्यांच्यापाशी बसले. भाऊजी काय म्हणाले ते सांगितलं नाही. ह्यांना ते ठाऊक असणारच, असं मला वाटत होतं. बोलले ते हेच आधी.

“मी ठरवलंय. चौकशीत सांगणार, माझं लक्ष नव्हतं. खाली वाकून दोर आवरत होतो, धाकटी दिसलीच नाही.”

“दिसली नव्हती?”

“दिसली होती ग. सकाळपासून दिसत होती.”

“मग हे खोटं.”

“खोटं तर खोटं. त्याचं उभं आयुष्य आहे पुढे. परवाना जाईल, आणि माणूस मारला हे नाव आयुष्यभर चिकटेल. मला काय, माझी झाली बोटीवरची वर्षं.”

मी देवाच्या तसबिरीकडे पाहिलं नाही, पण त्यांना तसं वाटलं असावं.

“तुझा देव समजून घेईल,” ते म्हणाले.

“तो घेईल हो. त्याला सगळं दिसतंच आहे. पण सावकाशच्या बायकोला दिसत नाही. तिने मला विचारलंय. तिला खोटं देऊन तुम्ही भाऊजींना वाचवणार, म्हणजे तिच्या ताटातलं काढून त्यांच्या ताटात वाढणार.”

“मग काय करू? नियम माझ्या बाजूने आहे म्हणून छाती काढून बसू?”

“तसंही मी म्हटलं नाही.”

“मग काय म्हणतेस?”

मी एवढंच म्हटलं, “खोट्याचं दान पोचत नाही, अहो.” ते उठून अंगणात गेले.

चौकशी बंदराच्या कचेरीत, वरच्या मजल्यावर होती. लांब टेबल, त्यावर निळ्या कागदाचा मोठा ताव, तावावर लाकडाच्या दोन छोट्या बोटी, एक लाल, एक हिरवी. चौकशी करणाऱ्या बाई होत्या. केस पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आवाज माझ्यापेक्षाही हळू. त्या बोलू लागल्या की सगळ्यांना खुर्च्या वाजवणं थांबवावं लागे. मागे बाकांवर धक्क्यावरची माणसं दाटीवाटीने बसली होती. पुढच्या बाकाच्या टोकाला सावकाशची बायको, एकटी. तिच्याशेजारी जागा होती, पण कोणी बसत नव्हतं. मी जाऊन बसले.

भाऊजींना आधी बोलावलं.

“चूक माझी आहे,” ते उभं राहताच म्हणाले. “पूर्ण माझी. मी वळायला नको होतं.”

“का वळलात?” बाईंनी विचारलं.

“चुकलो.”

“कारण विचारतेय.”

“कारण काही नाही. चुकलो.”

बाईंनी हिरवी बोट उचलून पुन्हा ठेवली. “बसा.”

मग हे उठले. ह्यांनी बाईंकडे न बघता, पाठ केल्यासारखं सांगितलं. “चूक माझी. माझं लक्ष नव्हतं. दोर आवरत होतो. धाकटी दिसलीच नाही.”

“दादा!” भाऊजी ओरडले. “काय बोलताय? तुम्ही वळलात की! न बघता कोणी वळतं?”

“तू गप्प बस.”

“बाई, हे खोटं बोलताहेत. मला वाचवायला. चूक माझी.”

“त्याला काही कळत नाही. चूक माझी.”

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “अरे, एकाने तरी दुसऱ्यावर ढकला, म्हणजे चौकशी पुढे सरकेल.” थोडे लोक हसले. चौकशीच्या बाई हसल्या नाहीत. वकिलांनी डोक्याला हात लावला.

तेवढ्यात माझ्या शेजारची उठली. कोणी बोलावलं नव्हतं, विचारलं नव्हतं. ती ओरडलीसुद्धा नाही.

“आता पुरे करा,” ती म्हणाली. “तुम्ही आधी, नाही तुम्ही आधी. त्या दिवशी पाण्यावर हेच केलंत ना? आणि आता इथेही तेच चाललंय. हा याला वाट देतो, तो त्याला वाट देतो. आणि मधे कोण सापडतं? तुमच्या दोघांच्या चांगुलपणात माझा माणूस चिरडलाय. कोणीतरी एक सरळ या. मला तुमची दया नको, तुमची एकमेकांवरची माया नको. काय झालं ते हवंय.”

ती बसली. या वेळी तिने माझा हात धरला, आणि घट्ट धरला.

हे उभेच होते. त्यांनी टेबलावरच्या दोन बोटींकडे पाहिलं, मग भाऊजींकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

“धाकटी मला दिसली होती,” ते म्हणाले. “मघाशी बोललो ते खोटं होतं. माफ करा.”

“सांगा,” बाई म्हणाल्या.

“नियमाने मी वळायचं, तो सरळ येणार. तसाच मी वळलो. पण बाई, मी रोज तसं करत नाही. रोज मी सरळ जातो आणि तो वळतो.”

“नियम उलटा?”

“हो. त्याने बोट घेतली तेव्हापासून. मला ना कोणी सांगितलं, ना आम्ही कधी ठरवलं. आमच्या घरात धाकट्याने थोरल्याच्या आडवं जायचं नाही. तो लहानपणी अंगणात थांबायचा, तसा पाण्यावर थांबू लागला. वळायचं मी, पण वळायचा तो. मी बघत होतो. चूक आहे हे मला कळत होतं. एकदाही म्हटलं नाही, बाबा, इथे असं नको.”

“का नाही म्हटलं?”

“बरं वाटायचं,” ते म्हणाले. “धक्क्यावर सगळे बघतात. भाऊ मान देतो, वाट सोडतो. माणसाला बरं वाटतं हो.”

मी खाली मान घातली. आम्हा सगळ्यांनाच बरं वाटायचं. मी प्रार्थनेत बोटी सुखरूप येऊ देत म्हणते, तेव्हाही थोरलीचं नाव आधी घेते.

“मग त्या दिवशी तुम्ही का वळलात?”

“त्याची बोट मासळीने भरून आली होती. पाण्यात खोल बसलेली, बर्फ वितळायला लागलेला असणार. माझी अर्धी रिकामी. मला वाटलं, आज हा आधी जाऊ दे. म्हणून त्या दिवशी मी नियम पाळला. आणि त्याने रोजच्यासारखा मला मान दिला.” ते लाल बोटीकडे बघून म्हणाले, “इतकी वर्षं मी नियम मोडून पुढे जात होतो, तेव्हा कोणाचा केसही वाकडा झाला नाही. पाळला त्याच दिवशी माणूस गेला.”

“तुमच्याकडे वायरलेस होता. भोंगा होता. उजवीकडे वळताना एक भोंगा द्यायचा, हे माहीत आहे?”

“माहीत आहे. परकी बोट असती तर दिला असता. वायरलेसवर विचारलंही असतं. पण तो माझा भाऊ. भावाला काय विचारायचं? त्याच्या मनातलं मला कळतं, माझ्या मनातलं त्याला कळतं, असंच धरून चाललो होतो.” मग ते बाईंकडे नाही, पुढच्या बाकाच्या टोकाकडे वळले. “नियम मला ठाऊक होता, आणि भाऊही ठाऊक होता. हा माझ्यासाठी वळणार, हे माझ्याइतकं जगात कोणाला ठाऊक नव्हतं. त्याला वळायची सवय लागू दिली ती मी. ती मोडली तीही मी, न सांगता. तो चुकला, पण ती चूक माझ्या हाताखाली वाढलेली आहे.”

भाऊजी बसल्या जागी रडत होते. गळ्यात हात, त्यामुळे डोळेही पुसता येत नव्हते.

बाईंनी त्यांना पुन्हा विचारलं, “दुसऱ्या कोणाची बोट असती तर वळला असतात?”

“नाही.” आणि मग, “दादा म्हणतात ते खरं आहे. पण सुकाणू माझ्या हातात होतं. खाली माझा माणूस होता. मला वर दादा दिसले, खालचा दिसला नाही.”

“हे आधीच सांगितलं असतंत तर बरं झालं असतं,” बाई म्हणाल्या. रागाने नाही. त्यांनी चष्मा डोळ्यांवरून काढला आणि मागच्या बाकांकडे पाहिलं. “असं आणखी कोणाकडे चालतं?”

मागून एक बोटवाला उभा राहिला, टोपी कुस्करत. “बाई, आमच्यात सासऱ्याच्या बोटीला वाट द्यावी लागते. नाहीतर घरी जेवण मिळत नाही.” या वेळी हसू आलं आणि मधेच विरलं. कारण त्याच्या मागून दुसरा उठला, मग तिसरा. एकाचा मामा, एकाचा जुना मालक, एकाचा गुरू. नियम सगळ्यांना पाठ होता, आणि प्रत्येकाचं एक माणूस नियमाच्या बाहेर होतं.

निकाल काही दिवसांनी लागला. चूक दोघांची ठरली. धाकटीने वळायला नको होतं, तेही डावीकडे; थोरलीने वळताना न भोंगा दिला, न आवाज, आणि उलटी रीत ठाऊक असून ती न सांगता सोडली. दोघांचे परवाने काही महिने काढून घेतले. वकील म्हणाले, बोलला नसतात तर तुमचा वाचला असता. हे म्हणाले, “वाचला असता तर मी घरी कोणत्या दारातून शिरलो असतो?”

निकालाचा कागद घेऊन हे स्वतः सावकाशच्या घरी गेले. मी सोबत होते. ह्यांनी तो वाचून दाखवला, लेकरांसमोर, एक शब्द न गाळता. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “ठीक.” माफ केलं असं म्हणाली नाही, आणि आम्ही ते मागितलं नाही. निघताना मी पाहिलं, बूट आता सरळ ठेवलेले होते, दाराशी, धाकट्या मुलाच्या चपलांशेजारी.

धाकटीची कूस नव्या फळ्यांनी बुजवली. रंग दिला तरी ती जागा वेगळी दिसते. दिसू दे, भाऊजी म्हणाले.

परवाने परत मिळाल्यावर दोघं पहिल्यांदा बाहेर पडले त्या दिवशी मी पहाटे दिवा लावून प्रार्थनेला बसले. बोटींची नावं घ्यायची वेळ आली, आणि जिभेवर सवयीने थोरली आली. मी थांबले. आधी धाकटी म्हटलं. देवाला काय फरक पडणार? मला पडला.

बोटी येण्याच्या वेळी मी धक्क्यावर जाऊन उभी राहिले. आम्ही कोणाला काही बोललो नव्हतो, तरी तिथे गर्दी होती. लिलावाची माणसं टोपल्या सोडून कडेला आली होती. सावकाशची बायको बर्फाच्या कारखान्यात कामाला लागली होती, तीही हातातलं फावडं घेऊन दाराशी उभी राहिली.

दोन्ही बोटी दिसल्या. थोरलीच्या उजव्या हाताला धाकटी. त्याच वाटा, तेच छेदणं. पाणी त्या दिवशीइतकं शांत नव्हतं, बारीक लाटा होत्या. थोरलीचा भोंगा वाजला, एकदाच, आखूड. तिची नाळ उजवीकडे वळू लागली. मग वायरलेसची खरखर. तो कचेरीच्या खिडकीत चालू असतो, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. ह्यांचा आवाज.

“मी मागून जातोय. तू सरळ ये.”

काही उत्तर आलं नाही. धाकटी येत होती. मी तिच्या नाळेवर डोळे लावले. आणि ती हलली. अगदी थोडी, डावीकडे. शेजारच्या म्हाताऱ्या बोटवाल्याने माझा दंड धरला.

“धाकट्या,” वायरलेसवर ह्यांचा आवाज आला. इतका मऊ आवाज मी त्यांचा भाऊजी तापात असताना ऐकला होता. “सरळ.”

नाळ परत जागेवर आली. सरळ झाली. सरळ राहिली. धाकटी थोरलीच्या पुढून, पूर्ण आडवी, सगळ्या बंदरासमोर निघून गेली. सुकाणूवर भाऊजी दिसत होते. त्यांनी मान खाली घातली नव्हती, पण ह्यांच्याकडे बघतही नव्हते. समोर बघत होते. गालावरून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात सुकाणूवर घट्ट होते.

थोरली तिच्या मागून आत आली.

कोणी टाळी वाजवली नाही. माणसं आपापल्या टोपल्यांकडे परतली. मी वळून कारखान्याच्या दाराकडे पाहिलं. सावकाशची बायको अजून तिथेच होती. ती धाकटीच्या नव्या फळ्यांकडे बघत होती.

“असं,” ती म्हणाली, मला किंवा कोणालाच नाही. “एवढंच करायचं होतं.”

मग ती आत गेली, आणि बर्फावर फावड्याचा आवाज सुरू झाला.